पाठीवरची वेल

२ डिसेंबर

आज हनुवटीवर कापलं. रक्त थांबेना म्हणून तुरटी शोधायला लागलो. तुरटी कुठे असते हे या घरात एकट्या बायनाला ठाऊक, आणि बायना बदनापूरला. आमच्या वर्षाराणीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी म्हणून जूनमध्ये लेकीकडे गेली ती तिकडचीच झाली. बाळ आता पालथं पडून पुढे सरकायला लागलंय म्हणतात. माझी बायको मात्र तिथून तसूभर सरकत नाही.

वस्तरा बोथट झाला आहे. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हा वस्तरा साधा नव्हे. रोलिंग मिलचा संप जिंकला तेव्हा कामगारांनी वर्गणी काढून मला दिला. जर्मन पोलाद, काळी मूठ, आणि पात्याच्या जाड पाठीवर दोन्ही अंगांनी कोरलेली सोनेरी वेल. त्याच सभेत मी जाहीर केलं होतं, इथून पुढे माझ्या गालाला दुसरं पातं लागणार नाही. लागलं नाही. तेव्हा आता सलूनमध्ये जाऊन बसण्याचा प्रश्नच येत नाही. हजार माणसांसमोर दिलेला शब्द आहे.

दगडावर धार लावायचं काम बायनाकडे असे. तिचे वडील धुळाजीमामा मेंढरं राखायचे. लोकर कातरायच्या त्यांच्या कातरींना ती लग्नाआधीपासून धार लावायची. त्यांचाच काळा गुळगुळीत दगड अजून मोरीजवळच्या फळीवर आहे. दगड आहे, पाणी आहे, मला दोन हात आहेत. यात अवघड ते काय?

५ डिसेंबर

धार आली नाही. काल तासभर घासलं, आज तासभर. दगड तोच, वस्तरा तोच.

दुपारी कचरू आला. मिलमध्ये असताना घोषणा द्यायला माझ्याकडून शिकला, आता निवृत्त होऊन सगळ्यांचे सत्कार करत फिरतो. दारातूनच ओरडला, “भाऊ, हे काय करून राह्यले? दाढी वाढवून हिमालयात चाल्ले का?”

“धार लावतोय.”

“तुम्ही?” तो हसायलाच लागला. “वहिनी कधी येणार मंग?”

“येईल. बाळ जरा मोठं झालं की येईल.”

“बाळ मोठं व्हायला लई दिवस लागत असतेत, भाऊ.” मग पायरीवर बसून त्याने खरं कारण सांगितलं. अकरा जानेवारीला टेंभुर्णीला, माझ्या गावी, माझा सत्तरीचा नागरी सत्कार. सपत्नीक. मांडव ठरला, माइकवाला ठरला. “आन् भाषण वस्तऱ्याचंच पाहिजे. बिलकुल तेच. हातात वस्तरा धरून.”

वस्तऱ्याचं भाषण मराठवाड्यात ठाऊक नाही असा कामगार नसेल. मी वस्तरा उघडून वर धरतो आणि सांगतो: मित्रहो, वस्तरा दगडावर आडवा ठेवला की धारेबरोबर त्याची पाठही दगडाला टेकते. धार झिजते तशी पाठ झिजते, म्हणूनच दोघींमधला कोन बिघडत नाही. पण काही शौकीन लोक पाठीला चिकटपट्टी लावतात. पाठ शाबूत राहिली पाहिजे, झिजायचं ते धारेने! आपले पुढारी असेच. स्वतःच्या पाठीला पट्टी लावून तुम्हाला दगडावर घासतात. हा माझा वस्तरा बघा. मी उघड्या पाठीने घासतो. इतकी वर्षं घासतो. आणि ही वेल बघा. गेली का?

आणि सभा एका आवाजात म्हणते, “न्हाई!”

घासायची बायना, हे खरं आहे. पण सभेत ‘मी’ म्हणजे ‘आम्ही’च असतं. व्यासपीठाचं व्याकरण वेगळं असतं.

७ डिसेंबर

वस्तरे वापरणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, कचरूच्या पुतण्याने मला त्यात घातलं. प्रश्न विचारला: जुना वस्तरा, जुना दगड, धार येत नाही, कारण काय? पहिलं उत्तर लातूरच्या कोण्या आदिनाथचं. दातांचा डॉक्टर आहे, फोटोवरून तिशीचा वाटतो. “काका, पाठीला इलेक्ट्रिकवाल्यांची काळी टेप लावा. एक थर पुरे. पाठ वाचते.”

पाठ वाचते! मला सांगतो!

मी उत्तर लिहिलं. लोखंडाच्या शोधापासून सुरुवात केली. तलवारी घडवणारे, ग्रीक विचारवंत, श्रमाची प्रतिष्ठा, सगळं घेतलं. जो पाठ वाचवतो तो धार गमावतो, हे तीन अंगांनी सिद्ध केलं. लिहिता लिहिता चहा दोनदा गार झाला. टाकल्यावर लोकांनी अंगठे उंचावले. एवढं लांब कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. आदिनाथने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

खरं लिहायचं तर आज दिवस चांगला गेला. या घरात किती दिवसांनी कुणाशी भांडलो.

१० डिसेंबर

बायनाचा फोन. रोजच्यासारखं, “जेवले का?”

जेवलो म्हटलं आणि आदिनाथची गोष्ट सांगितली. चिकटपट्टीवाल्यांची मानसिकता, तत्त्व झाकून ठेवण्याची आजची वृत्ती, हे तिला नीट उलगडून सांगितलं. ती “हं” म्हणत होती. मग मध्येच म्हणाली, “अवं, पण पट्टी लावली तर बिघडतं काय?”

“तत्त्व बिघडतं!”

“बरं. मंग नका लावू.”

मी पुढचा मुद्दा मांडणार तेवढ्यात तिकडे बाळ रडलं. “ठेवते,” म्हणाली. सत्काराचं सांगायचं राहिलंच. छापलेली पत्रिका तिला मोबाइलवर पाठवून दिली. वर ठळक अक्षरात ‘सपत्नीक’ आहे. तेव्हा वेगळं आमंत्रण लागू नये.

१५ डिसेंबर

वस्तऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं तर चिकट लागलं. दोन्ही अंगांना, वेलीच्या खालच्या कडेने, सरळ रेषेत. बायनाने कुठल्या तरी गुळाच्या डब्याशेजारी ठेवला असणार. खोबरेल तेलाने पुसून काढलं. धारेचं काही नाही. केस कापत नाही, ओढतो फक्त.

बायनाने पत्रिका पाहिली आहे, मोबाइलवर तशा खुणा दिसतात. उत्तर नाही. बाळामुळे सवड मिळत नसेल.

१९ डिसेंबर

वेल जाऊ लागली आहे.

प्रथम वाटलं उजेड कमी आहे. खिडकीत नेलं, चष्मा पुसला. मुठीकडची पानं पुसट झाली आहेत आणि मधला देठ तर दिसतच नाही. तिथे नुसतं पांढरं, घासलेलं पोलाद. चाळीस वर्षांत गेली नाही ती वेल दोन आठवड्यांत कशी जाते? सोन्याचा मुलामा म्हातारा झाला असेल. माणसासारखंच, टिकतो तोवर टिकतो आणि मग एकदम सुटतो. याहून दुसरं कारण मला दिसत नाही.

टेंभुर्णीला शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसणार आहे म्हणा. तरीही मी दगड धुऊन फळीवर ठेवला आणि परत काढला. धार आल्याशिवाय थांबणं म्हणजे हार.

२३ डिसेंबर

सकाळपासून एक शब्द बोललो नव्हतो. संध्याकाळी दूधवाल्याला “अर्धा लिटर” म्हणालो तर आवाज फुटेना. तो म्हणाला, “काका, घसा बसला का? सभा होती काय?”

हो म्हटलं.

२४ डिसेंबर

एमआयडीसीच्या पाळीचा भोंगा झाला की मोटारसायकली आणि टेम्पो घरावरून जातात. त्यातच जावई अंगदची गाडी असते. पूर्वी तो थांबायचा, डबा द्यायचा. बायनाच्या हातची भाकरी, लसणाची चटणी. हल्ली हॉर्न वाजवून जातो. दिवाळीपासून डबा बंद आहे. मी विचारलं नाही. खिचडी मला येते.

रात्रीची भांडी सकाळी घासायची असा नियम केला आहे. नियम केला की काम कमी वाटतं, हे संघटनेत शिकलो.

२८ डिसेंबर

त्या आदिनाथने आज खासगीत लिहिलं. “काका, राग मानू नका. या वस्तऱ्याला आधी धार कोण लावायचं? चाळीस वर्षं पाठीवरची वेल गेली नाही असं तुम्ही लिहिलं होतं, त्यावरून वाटतं की तो टेप लावून पाजवला जायचा. टेपमुळे पाठ दगडापासून जरा उचललेली राहते. त्या कोनात धार घडते. आता तुम्ही टेपशिवाय घासताय, म्हणजे पातं जास्त आडवं पडतं आणि दगड धारेच्या मागच्या भागाला लागतो. कडेपर्यंत पोचतच नाही. खात्री करायची तर धारेच्या कडेला मार्कर लावा, दगडावर हलकं फिरवा आणि शाई कुठली जाते ते बघा.”

मी संतापलो. संतापाने उत्तर लिहायला घेतलं. सात ओळी लिहिल्या आणि थांबलो, कारण खोडून काढण्याची सोपी वाट समोर होती. घोषणाफलक लिहायचं काळं मार्कर कपाटात होतंच. धारेला लावलं, पाठीलाही लावलं. दगडावर पाणी घेतलं. फिरवलं.

मागची शाई गेली. पाठीवरची गेली. अगदी कडेची, केसाएवढी काळी रेघ, तशीच राहिली.

परत लावलं. परत तशीच राहिली.

मग तो चिकटपणा आठवला. दोन्ही अंगांना, सरळ रेषेत. मी गुळाचा डबा म्हणालो होतो.

२९ डिसेंबर

आज दगडाला हात लावला नाही. बायनाचा फोन आला. “जेवले का?” “हो.”  ती म्हणाली, “बरं, ठेवते.”

४ जानेवारी

बदनापूरला जाऊन आलो.

एसटीत पूर्ण तयारी केली होती. तीन मुद्दे. एक, चाळीस वर्षं मला अंधारात ठेवण्यात आलं. दोन, त्यामुळे मी जाहीर सभांतून अनवधानाने असत्य बोललो. तीन, तरीही मी हे मोठ्या मनाने घेतो. तिसऱ्या मुद्द्यावर आवाज खाली आणायचा.

फाटकाशी पोचलो तर आतून बायना हसत होती. मोठ्याने, मोकळं. मला आधी वाटलं शेजारची कुणी बाई असेल. बाळाला लांब केलेल्या पायांवर घालून ती अंगणात बसली होती, बाजूला वर्षाराणी धुणं वाळत घालत होती. मला बघून हसणं थांबलं. पदर सारखा केला.

“अवं, किती वाळले तुम्ही. आन् ही दाढी?”

मी पिशवीतून वस्तरा काढून तिच्यापुढे धरला. मुद्दे पाठ होते. तोंडातून आलं एवढंच, “तू पट्टी लावायचीस?”

तिने बाळ वर्षाराणीकडे दिलं. वस्तरा उघडून उन्हात तिरका केला. अंगठा पाठीवरून फिरवला, एका अंगाने, मग दुसऱ्या.

“येल गेली,” ती म्हणाली.

“तू पट्टी लावायचीस का?”

“लावायचे.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या बारीला न्हाई लावली. तवा टोकाची दोन पानं जरा पुसली. म्हणलं, पुन्हा आपण जपून करू. आन् त्याच महिन्यात तुम्ही सभेत सांगितलं की येल जात न्हाई. मी बसल्ते की बायांमधी.” वस्तरा मिटून तिने मांडीवर ठेवला. “एवढ्या लोकांना तुम्ही सांगितलं जात न्हाई म्हणून. मंग मी जाऊ कशी देऊ?”

वर्षाराणी दोरीजवळून म्हणाली, “पप्पा, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? आपल्या घरी फळीवर काळ्या टेपचं रीळ कायम असायचं. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी वस्तऱ्याला लावतेत.”

“मला सांगितलं का नाहीस?” मी बायनाला विचारलं.

“कधी सांगू?” तिने खरंच विचार केल्यासारखं केलं. “तुम्ही बोलत असायचे.”

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

तेवढ्यात शेजारची एक बाई आली. तिच्या नातवाचं पोट दुखत होतं, त्याला ओवा कसा द्यायचा हे विचारायला. बायनाने तिला सविस्तर सांगितलं, मूल केवढं आहे, आईचं दूध किती आहे, सगळं विचारून. मी उभा. ती बाई गेल्यावर बायना हसून म्हणाली, “घरी मला ऐकायचं काम. इथं मला इचारतेत.”

ओव्याच्या औषधात तिचा हात चांगला आहे हे खरंच आहे. लोक विचारणारच.

“दगड आणला का?” तिने विचारलं. आणला होता. ती आत जाऊन काळ्या टेपचं रीळ घेऊन आली. बोटभर तुकडा तोडला, पाठीवर बसवून दोन्ही अंगांनी अंगठ्याने दाबला. “एकच थर. सुरकुती पडू द्यायची न्हाई. घासून पातळ झाली की फेकायची, नवी लावायची. धार आली की काढून टाकायची.” मला वाटलं आता ती दगड पुढे ओढेल. तिने तो माझ्यापुढे सरकवला.

“मी?”

“मंग कोण?”

मी बसलो. पहिल्या घासातच तिने थांबवलं. “दाबून राह्यले तुम्ही. हलका हात. बोलताना बी असंच दाबता.” वर्षाराणी तिकडे तोंड फिरवून हसली. “धार पुढं ठेवा. उलटताना पाठीवर उलटायचं, धारेवर न्हाई. आता आवाज ऐका. खरखर हाये ना? ती हाये तवर धार आली न्हाई. कमी झाली की समजायचं.”

मी घासत राहिलो, ती ऐकत राहिली. मध्ये एकदा मी म्हणालो, “या दगडाचं मूळ बघायला गेलं तर...” तिने बोट उचललं. मी परत खाली बघून घासू लागलो. हळूहळू खरखर कमी झाली. मग उरला तो ओल्या पाटीवरून बोट फिरवल्यासारखा आवाज. तिने माझं मनगट धरलं, वस्तरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि सोडून दिलं.

“आली.”

जेवताना मी सत्काराचा विषय काढला. “अकरा तारखेला चल. सपत्नीक आहे.”

“तुम्ही बोलणार ना?”

“बोलणारच.”

“मंग ते मी ऐकलेलं हाये,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

निघताना फाटकापर्यंत आली. पिशवीत काहीतरी टाकलं, वाटलं चटणी असेल. एसटी सुटून बदनापूर मागे पडलं तेव्हा आठवलं की घरी कधी येतेस हे विचारायचं राहिलं. मुद्द्यांमध्ये ते घेतलंच नव्हतं.

घरी येऊन पिशवी रिकामी केली. चटणी होती. तिच्याखाली टेपचं रीळ होतं. नवं, वरचा कागदही न काढलेलं.

५ जानेवारी

दाढी केली. लोण्यातून गेल्यासारखं पातं गेलं. कितीतरी दिवसांनी माझा चेहरा मला दिसला. गालावरून हात फिरवत बाहेरच्या खोलीत आलो, काहीतरी सांगायला आल्यासारखा. मग परत आत गेलो.

ग्रुपवर काही लिहिलं नाही. आदिनाथला खासगीत ‘आभारी आहे’ एवढंच लिहिलं. त्याने विचारलं, “काका, कळलं का मग, आधी धार कोण लावायचं?” उत्तर दिलं नाही. तो मुलगा वाईट नाही.

११ जानेवारी

टेंभुर्णी. मांडव भरलेला. कचरूने मिठी मारली, “भाऊ, चिकने झाले की! आता खरे दिसून राह्यले.” मग माझ्या मागे बघितलं. “वहिनी?”

“बाळाला सर्दी आहे.”

बाळाला सर्दी नाही.

मंचावर दोन मोठ्या खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, लाल कापड घातलेल्या. निवेदक म्हणाला, काही घरगुती कारणाने वहिनीसाहेब येऊ शकल्या नाहीत, तरी त्यांचा मान आम्ही ठेवणार. मला शाल, फेटा, नारळ. मग कचरूने बायनाच्या वाट्याची साडी घडीसकट रिकाम्या खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ, आणि फोटोवाल्यासाठी त्या खुर्चीसमोर हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठलो. मागून आवाज आला, “वस्तरा! वस्तरा!”

वस्तरा खिशात होता. मला ठाऊक होतं की मी तो वर धरला असता तर खालून एकालाही वेल गेलेली दिसली नसती. मी “गेली का?” विचारलं असतं आणि सगळा मांडव “न्हाई!” म्हणाला असता. हात खिशापर्यंत गेला. डोळ्यांच्या कडेला ती खुर्ची होती, साडी आणि नारळ.

मला तो प्रश्न विचारता आला नाही.

हात मागे बांधून बोललो. काय बोललो ते आता नीट आठवत नाही. गावच्या पाण्याबद्दल काहीतरी, जुन्या शाळेबद्दल काहीतरी. लवकर संपवलं. माइकवाला बटण बंद करायचं विसरला, इतकं लवकर.

खाली उतरल्यावर कचरू म्हणाला, “भाऊ, आज रंगलं न्हाई बघा. वस्तरा काढला असता तर मांडव उडाला असता.”

“वेल गेली, कचरू.”

“जाऊ द्या की! लांबून कोणाला दिसून राह्यलंय?” तो म्हणाला. माझा मित्र आहे. माझ्याकडूनच शिकलेला.

परतताना एसटीत शेजारच्या जागेवर तिची साडी ठेवली होती. कंडक्टरने विचारलं, “इथं कुणी बसलेलं हाये का?” उचलून मांडीवर घेतली.

१७ जानेवारी

आज परत धार लावली. टेपचा बोटभर तुकडा. सुरकुती पडली, काढून दुसरा लावला, नीट बसला. हलका हात. आवाज ऐकत राहिलो. बाहेर भोंगा झाला, गाड्या गेल्या, अंगदचा हॉर्न वाजला, तरी खाली बघूनच घासत राहिलो. आली धार.

वेलीची टोकाकडची थोडी पानं उरली आहेत. ती आता राहतील. बायनाने नवं रीळ का दिलं याचा विचार करत होतो. एका वेळी बोटभर लागते. रीळ हातात घेऊन बघितलं, किती वेटोळी आहेत. मला बरीच वर्षं पुरेल. मग ते फळीवर ठेवलं, दगडाच्या शेजारी, जिथे ते पूर्वी असायचं म्हणतात. तिथेच मागे, कागदात गुंडाळलेली तुरटी सापडली.

संध्याकाळी तिचा फोन येतो त्याच्या आधी मीच केला. तिने उचलला. “जेवले का?” विचारणार, तेवढ्यात मी म्हणालो, “बायना, आज दिवसभर काय केलंस?”

 मला वाटलं लाइन गेली. “हॅलो” म्हणणार होतो.

मग ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, “काय झालं? बरं न्हाई का तुम्हाला?”

“बरा आहे,” मी म्हणालो. “तू सांग.”

 मागे बाळाचा आवाज येत होता, भांड्याचा येत होता. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

मी थांबलो.